आधी काज-बटण

भाचीला फॅशन डिझाइन शिकायचंय म्हटल्यावर घरात बैठक बसली. ‘कपडे शिवायला चार वर्षं कशाला?’ काकांचा सवाल. त्यांच्या स्वतःच्या पँटची उसवलेली शिवण महिनाभर सेफ्टी पिनवर तग धरून आहे, ते सोडा. दिल्लीत १९८६ साली ‘निफ्ट’ ही फॅशन शिकवणारी संस्था निघाली, आपल्या खारघरलाही तिचा कॅम्पस आहे, हे त्यांच्या गावीही नाही. तिथल्या प्रवेशाच्या सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून हातानं वस्तू घडवून दाखवावी लागते. भाचीनं लांबसडक मॉडेलांच्या तीन वह्या भरल्यात. सुईत दोरा मात्र अजून आजीच ओवून देते, तोही चष्मा न लावता. फॉर्म भरण्याआधी भाचीनं गल्लीतल्या टेलरकडे महिनाभर काज-बटण आणि तुरपाई करावी. काकांची पँट तयारच आहे.