हाऊजीची पावती

गणपती बसवायचा तर आधी कागद बसवावे लागतात. वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी, भोंग्यासाठी पोलिसांची, मांडवासाठी महापालिकेची (२०२३ पर्यंत जालन्यात नगरपालिका होती, आता शिक्का मोठा झाला), विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी. ज्या कार्यक्रमाला अख्खी गल्ली न बोलावता जमते, त्या हाऊजीचा मात्र आमच्या मंडळाच्या फायलीत एकही कागद नाही.

कायद्याचं म्हणाल तर जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. तो झाला तेव्हा आमचं जालना निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे आमचा काही दोष नाही. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट आहे. पण हाऊजीत कौशल्य कसलं? आकडा ऐकू आला पाहिजे, एवढंच. सरकारला नशिबाचं वावडं आहे असंही नाही. १९६९ पासून ते स्वतः लॉटरी चालवतंय. १९७६ साली तर कॅसिनोवर नियंत्रण आणि कर ठेवण्याचा कायदासुद्धा करून ठेवला. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो मोडीत काढायचं ठरवलं. न उघडलेल्या दुकानाची पाटी उतरवायला इतकी वर्षं!

आमच्याकडे आकडे पुकारतात त्या काकू. पिशवीत हात घालून, चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, ‘‘दोन काठ्या, अकरा! मतदानाला चला, अठरा! साहेब घरी बसले, अठ्ठावन्न!’’ शेवटच्या आकड्याला पहिल्या रांगेतले निवृत्त कारकून दरवर्षी हसतात, आणि त्यांच्या सौभाग्यवती हसत नाहीत. जल्दी पाचला स्टीलचा डबा, ओळींना चहाचे कप, फुल हाऊसला कुकर. दहा हजारांवरच्या बक्षिसावर तीस टक्के आयकर कापतात म्हणे. आमच्या कुकरला ती भीती नाही. भांडण होतं ते दोघींचं फुल हाऊस एकाच आकड्यावर झालं की. कुकर कापता येत नाही. मग एकीला कुकर, दुसरीला शिट्टी, असा तोडगा काकूच काढतात, आणि पुढच्या वर्षीपर्यंत दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

कॅनडातल्या ओंटारिओत धर्मादाय संस्थेलाही बिंगोसाठी, म्हणजे तिकडच्या हाऊजीसाठी, परवाना काढावा लागतो, आणि त्याची फी बक्षिसांच्या तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मला हे आवडलं. आपल्याकडे पावती फाडल्याशिवाय कुठलीच गोष्ट खरी वाटत नाही, मग हाऊजीनेच काय घोडं मारलंय? दीड हजाराच्या कुकरवर तीन टक्के म्हणजे पंचेचाळीस रुपये. मी आनंदाने भरीन. फक्त अर्जाचं टायपिंग, दोन झेरॉक्स आणि कचेरीपर्यंतची रिक्षा मिळून खर्च त्याच्या चौपट होईल, आणि यात साहेब जागेवर नसल्याने माराव्या लागणाऱ्या दुसऱ्या खेपेचं भाडं धरलेलं नाही.