बॅटरी मोठी टाका!

जयपूर जिल्ह्यातल्या बगरूचे छिपा कारागीर दाबू छपाईत मोठे काटेकोर. चिखल, चुना, डिंकाचा रंग अडवणारा लेप पातळ झाला तर रंग आत शिरतो, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. पण कापडाच्या गोदामाला किंवा घराला अलार्म बसवायचा झाला, की बगरू काय नि बार्शी काय, सल्ला एकच: ‘बॅटरी मोठी टाका!’

अलार्मच्या पॅनलमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते. आतला चार्जर 350 मिलिअँपिअर देतो असे धरा. रिकामी बॅटरी घटतूट सोसून दिवसभरात भरते. हौशी मालक तिथे इन्व्हर्टरची 150 अँपिअर-तासांची जोडतात. आता भरायला किमान अठरा दिवस, तेही मधे वीज गेली नाही तर! (जयपूर जिल्ह्यात काय, कुठेही ही अट भाबडीच.) अर्धपोटी लेड-अॅसिड बॅटरीच्या पाट्यांवर सल्फेट साचते आणि ती अकाली मरते. चार्जर तापतो, तो वेगळाच.

आणि एवढे कशासाठी? 200 मिलिअँपिअर खाणाऱ्या पॅनलला बारा तासांना 2.4 अँपिअर-तास पुरतात. सायरनचे थोडे वेगळे धरा. कमाल किती क्षमतेची बॅटरी चालते, ते पॅनलच्या पुस्तिकेत छापलेले असते. दुकानात जाण्याआधी तेवढे पान वाचा.