एका डोंगरावरचे दोन दत्त

माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेऊन पायऱ्या उतरताना हातात तांबूल असतं. कुटून कुटून एकजीव केलेला विडा, जिभेवर ठेवला की तोंड लाल. तो चघळत दत्तशिखराची वाट धरली, तर काळ्या वस्त्रांतले महानुभाव पंथाचे साधू त्यांच्या देवदेवेश्वरी मंदिराकडे जाताना दिसतात.

शिखरावर सांगतात, अनसूयेच्या पोटी ब्रह्मा, विष्णू, महेश दत्तरूपाने आले. महानुभावांना हे मान्यच नाही. त्यांचा दत्तात्रेय पंचकृष्णांपैकी, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांपैकी एक, स्वतः परमेश्वर. त्रिमूर्तीशी त्याचा संबंध नाही. म्हणजे एकाची श्रद्धा हाच दुसऱ्याच्या श्रद्धेला नकार. शिवाय माहुरात सोनापीराचा दर्गाही आहे. भावना दुखावून घ्यायच्याच असतील तर इथे रोज कारण सापडेल. पण भाविक आपापल्या देवाला जातात, येताना एकाच टपरीवर चहा पितात.

याच महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत बंद होते. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी ही सकळ लिपी उलगडली, तेव्हा कुठे ‘लीळाचरित्रा’सारखं तेराव्या शतकातलं गद्य बाहेरच्यांना वाचता येऊ लागलं. शब्द झाकून ठेवले की नुकसान भाषेचं होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

तरी आपण शिकलो नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापून आली. पतितपावन संघटनेच्या कार्यकर्त्याने तक्रार केली आणि खटला उभा राहिला तो लातूरच्या कोर्टात. समाजात तेढ पसरवल्याची कलमं टिकली नाहीत, अश्लीलतेचं राहिलं. संपादक देविदास तुळजापूरकर यांनी आधीच माफी छापली होती. तरी त्यांची सुटका व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा मे 2015 चा निकाल यावा लागला. कवीवरचा खटला मात्र चालूच ठेवला गेला, कारण, न्यायालयाच्या मते, थोर पुरुषाच्या तोंडी अश्लील भाषा घालता येणार नाही. गांधी देव नव्हते, तसा त्यांनी दावाही केला नव्हता. आपण मात्र त्यांना देव्हाऱ्यात बसवलं आणि दाराशी फौजदार उभा केला.

एका कवितेपायी 21 वर्षं कोर्टाच्या पायऱ्या! निकाल काहीही असो, शिक्षा भोगून झालीच.

धार्मिक भावनांचं कलमसुद्धा एवढं सैल नाही. जुनं 295अ, आताचं न्याय संहितेतलं 299, हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला अपमान मागतं. नुसतं मन दुखावलं, एवढं पुरत नाही. कुणी एखाद्या वस्तीवर माणसं सोडायला चिथावत असेल तर त्याला जरूर धरा. मीही साक्षीला येईन. पण कविता, नाटक, अभंगाचा वेगळा अर्थ यांना उत्तर लेखणीनेच द्यायला हवं.

नांदेड-लातूरच्या वाचकांना माझी एवढीच विनंती: उद्या कुणी एखाद्या पुस्तकाच्या निषेधाच्या निवेदनावर सही मागायला दारात आला, तर आधी ते पुस्तक मागून घ्या, पूर्ण वाचा, आणि मगच पेन उचला.