पडदा बंद, लॅपटॉप चालू

इंदुरात आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून 24 इंची मॉनिटर घरी आला, केबल जोडली गेली, की घरात एक राजकीय प्रश्न उभा राहतो: लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याचं आता काय करायचं? ‘पैसे मोजलेत, दोन्ही चालू ठेव’ असं एक मत असतं आणि ‘वापरायचा नाही तर झाकण लाव’ असं दुसरं. झाकण उघडं ठेवून फक्त पडदा विझवणारा माणूस दोन्ही पक्षांना संशयास्पद वाटतो. लॅपटॉप तरी बिघडला असावा, नाहीतर याचं तरी काही बिनसलं असावं. मला वकिली करायची आहे ती याच माणसाची, कारण तिघांत डोकं ठिकाणावर असलेला तोच आहे.

मुळात घोळ लॅपटॉपच्या रचनेत आहे. 1982 साली ग्रिड कंपास नावाच्या यंत्राने पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडून घडी घालायची सोय आणली. सोय इतकी झकास, की तिची किंमत मानेला मोजावी लागेल हे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पडदा हवा डोळ्यांच्या उंचीला, कीबोर्ड हवा कोपराच्या उंचीला. दोघांना एकत्र जखडलं की मान तरी वाकते, नाहीतर हात तरी अवघडतात. मॉनिटर घेणं म्हणजे ही जखडणूक सोडवणं. मायक्रोसॉफ्टला हे पटलेलं दिसतं. 2009 च्या विंडोज 7 पासून विंडोजची कळ आणि पी एकदम दाबलं की चार पर्याय समोर येतात, त्यांतला शेवटचा ‘फक्त दुसरा पडदा’. ॲपलचा अधिकृत मार्ग मात्र झाकण मिटून, चार्जर लावून, वेगळा कीबोर्ड जोडण्याचा. म्हणून काही मॅकवाले झाकण उघडं ठेवतात आणि ते मिटल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरपाशी लोहचुंबक ठेवून देतात. युक्ती सगळ्या मॉडेलांवर चालत नाही. पण जिथे चालते तिथे लाखाचं यंत्र फ्रिजवरच्या चुंबकाला फसतं, यात एक वेगळंच समाधान आहे.

काही जण ब्राइटनेस शून्यावर नेऊन पडदा बंद केल्याचं समाधान मानतात. ही शुद्ध फसवणूक. कॉम्प्युटरच्या लेखी तो पडदा अजून जागाच असतो. माउसचा बाण त्या अंधारात शिरतो आणि हरवतो, नवीन खिडक्या तिकडे उघडतात, आणि माणूस ‘फाइल उघडतच नाही’ म्हणत तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडत बसतो. बंद करायचा तर रीतसर करावा.

आता झाकण मिटायचं का नाही? माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कित्येक लॅपटॉपांची गरम हवा बिजागरीपाशी बाहेर पडते, थोडी उष्णता कीबोर्डावाटेही निघते. झाकण लावून आपण तिची एक वाट अडवतो आणि मग पंखा फार ओरडतो अशी तक्रार करतो. शिवाय कॅमेरा झाकणात आणि बोटाचा ठसा घेणारी कळ कीबोर्डाच्या कोपऱ्यात. पडदा बंद म्हणजे यंत्र बंद, हा समज निदान इंदूरकराला तरी शोभत नाही. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पुढ्यात भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेब्यांचा बाजार भरतो. या गर्दीमुळे दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीही तो भरू दिला, असं सांगतात. तिथे उभं राहून ‘शटर खाली आहे, म्हणजे बाजार बंद’ असं म्हणणाऱ्याला कोणीही इंदुरी ‘भिया, जरा पुढे सरका’ एवढंच म्हणेल.

दोन्ही पडदे चालू ठेवा म्हणणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम आहे. त्यांच्याकडे संशोधन आहे. 2003 साली युटा विद्यापीठाच्या अभ्यासात एकापेक्षा अनेक पडद्यांवर काम अधिक झालेलं आढळलं. त्या अभ्यासाला मॉनिटर विकणाऱ्या एनईसी-मित्सुबिशीचा आणि ग्राफिक्स कार्ड विकणाऱ्या एटीआयचा हातभार होता, हे जाता जाता सांगतो. तरीही निष्कर्ष मला मान्य आहे. हिशेबनीसाला, भाषांतरकाराला, दोन मजकूर ताडून पाहणाऱ्याला दोन पडदे हवेतच. पण ते शेजारी-शेजारी, एका उंचीचे. इथे एक मोठा, समोर. दुसरा छोटा, खाली, कडेला. मान दिवसभर दोघांमध्ये हेलपाटे घालते. आणि त्या खालच्या पडद्यावर काय राहायला येतं? व्हॉट्सॲप, मेल आणि क्रिकेटचा स्कोअर. कामाचं तिथे काही टिकत नाही. पडदा वाया जातो म्हणावं, तर लॅपटॉप बाहेर नेला की तो आहेच.

एक आक्षेप मात्र खास इंदुरी आहे: उघड्या कीबोर्डात शेव पडते. आक्षेप खरा आहे आणि बिनतोडही. पण जे शहर स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वर्षं पहिलं आलं, त्याने कळांच्या फटींतली शेव काढता येत नाही म्हणून रडावं, हे बरं दिसत नाही. वीज गेली तर? मॉनिटर विझतो, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो. केबल उपटली की त्याचा पडदा बहुतेक वेळा आपसूक उजळतो.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती: उघड्या लॅपटॉपचा पडदा काळा दिसला, तर जाता-येता मायेने झाकण लावू नका. विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे झाकण लागलं की यंत्र झोपी जातं, आणि पुण्याच्या साहेबांशी चाललेली मीटिंग तिथेच तुटते.