सॉफ्टवेअर-परवान्याची कलमे रचणाऱ्या विद्वज्जनांस सक्करदऱ्याहून खुले पत्र



नागपूरच्या सक्करदऱ्यातील डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देण्याच्या, दुकानात एकाच यंत्रावर दोन विंडोज नांदताना दिसल्या तर तो दुकानदाराचा शौक समजू नये. कारण पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरची अखेरची सातवी आवृत्ती २००१ सालची, लग्नपत्रिकांचे जुने साचे तिच्यात आणि युनिकोडपूर्व मराठी फाँटांत अडकलेले, त्यामुळे त्यांच्यासाठी जुनी विंडोज एक्सपी ठेवावी लागते आणि जीएसटीचे विवरण भरण्यासाठी नवी विंडोज. मग हार्ड डिस्कचे दोन भाग करून ‘ड्युअल बूट’ केले जाते, किंवा नव्या विंडोजच्या पोटात आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरनेच उभा केलेला लटका संगणक, मांडला जातो. टेबलावर यंत्र एकच आणि विजेचे बिलही एकच.

विद्वज्जनांची प्रतिभा येथून सुरू होते. त्यांच्या लेखी मोजायची ती प्रत, यंत्र नव्हे. विंडोज १० च्या करारात एका परवान्यावर एकच प्रत चालते आणि आभासी यंत्र हेही स्वतंत्र यंत्रच ठरते. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्राशी जन्माचा बांधलेला असतो, तर सुटा विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून प्रत काढून टाकल्यावर दुसरीकडे नेता येतो. २००७ साली विंडोज व्हिस्टाच्या स्वस्त घरगुती आवृत्त्यांना आभासी यंत्रात बसण्यास मनाई होती, महागड्यांना मुभा होती, आणि पुढच्याच वर्षी ती मनाई उठली. दरम्यान यंत्रांत काहीही बदलले नव्हते. जीपीएल या मुक्त परवान्यात प्रोग्राम चालवण्यावर बंधनच नाही, परंतु त्यामुळे मसुदाकारांच्या पांडित्यास वाव उरत नाही, हा त्याचा गंभीर दोष होय.

प्रताधिकार अधिनियम १९५७ चे कलम ५२ कायदेशीर धारकास सुरक्षेसाठी राखीव प्रत करू देते, पण ती दुसरी चालती प्रत नव्हे. कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. जाणीव असल्याखेरीज हा गुन्हा घडत नाही, आणि विद्वज्जनांचा करार वाचून कोणासही कसलीच जाणीव होत नाही. तेव्हा सक्करदऱ्यास तुरुंगापासून दूर ठेवण्याचे श्रेय त्यांच्याच लेखणीस द्यावे लागेल.

तरी एका यंत्रावरील दुसऱ्या प्रतीस दुसरा परवाना लागतो की नाही, एवढे एक वाक्य पहिल्या पानावर, मराठीत, ठळक टायपात छापावे, ही विनंती. टाइप जुळवून देण्यास सक्करदऱ्यातील दुकाने समर्थ आहेत.