मुलांना पुस्तक कसे सुचवावे : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

मुलांना पुस्तक सुचवणे हे पुस्तक वाचण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे. वाचायचे म्हटले की एका जागी बसावे लागते, फोन पालथा घालून ठेवावा लागतो, दहाव्या पानावर डोळा लागतो. सुचवायला यातले काही लागत नाही. ते उभ्या उभ्या, जिन्यात, लग्नाच्या पंगतीतही जमते. तरीही दर मे महिन्यात काही मामा, आत्या आणि शेजारचे काका ऐन वेळी गडबडतात आणि मुलाला आवडेल असेच पुस्तक चुकून सांगून बसतात. त्यांच्यासाठी हे धडे. पात्रता एवढीच, की तुम्ही कधीतरी लहान होता आणि ते आता तुम्हाला फारसे आठवत नाही.

आधी मुहूर्त. मूल कंटाळून रिकामे बसलेले असताना पुस्तकाचा विषय काढू नये. ते खरोखरच वाचायला घेण्याचा धोका असतो. मूल बॅट घेऊन दारात उभे आहे, खालून मित्र हाका मारताहेत, एक पाय बुटात गेला आहे, ही उत्तम वेळ. “हल्ली वाचन काय चाललंय?” असे विचारावे. पाहुण्यांसमोर विचारल्यास परिणाम दुप्पट. मुलाने एखादे नाव सांगितलेच तर ते ऐकून घेण्याची गरज नाही, कारण तुमचे पुढचे वाक्य ठरलेले आहे आणि ते “आमच्या वेळी” असे सुरू होते. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी सुचवायचीही गरज नाही. मुलाच्या हातात पुस्तक द्यावे, फोटो काढावा, पुस्तक परत घ्यावे.

निवडीची सुरुवात ‘श्यामची आई’पासून करावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक पाच दिवसांत लिहून काढले. सुचवायला तुम्हाला पाच सेकंद पुरतील. “वाच, म्हणजे आईची किंमत कळेल,” एवढे म्हटले की झाले. आई शेजारीच उभी असेल तर फारच छान. पोहायला जायचे नाही म्हणून श्याम माळ्यावर लपून बसतो आणि मार खात बाहेर येतो, हे मात्र मुलापाशी बोलू नये. उन्हाळ्यात तलावाच्या कठड्याला मिठी मारून ओरडणाऱ्या मुलाला हे कळले, तर ते लगेच पुस्तकात डोके घालील आणि संस्कार बाजूला राहून त्याची श्यामशी दोस्ती होईल.

त्यानंतर तुमचे स्वतःचे लहानपण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुचवताना पुस्तकाबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलण्याची पद्धत आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे, काडीपहिलवान, सायकलवर सुसाट, जिभेवर कायम ‘ट्टॉक्’, एवढी ओळख झाली की ताबडतोब दूरदर्शनवर यावे. लाकडी शटरचा टीव्ही, गच्चीवरचा अँटेना, फेणेच्या भूमिकेतला छोटा सुमीत राघवन, यात अर्धा तास सहज जातो. फुरसुंगी म्हटल्यावर आजच्या पुणेकर मुलाला कचरा डेपो आठवतो, ते मनावर घेऊ नये. मुलाने २०१७ चा सिनेमा पाहिला असेल तर “पुस्तकाची सर नाही” असे म्हणावे. स्वतः पाहिला नसला तरी म्हणावे. (त्या सिनेमात भा. रा. भागवतांचीच भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली आहे, आणि हेच प्रभावळकर ‘बोक्या सातबंडे’चे लेखक. एका पुस्तकातून दुसऱ्यात जायला मुलाला ही चांगली वाट आहे, म्हणून ती कंसात ठेवली आहे.)

मुलींसाठी पुस्तके वेगळी असतात असे समजून चालावे. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला तशी ‘चिंगी’ही लिहिली. गोट्या भाच्याला, चिंगी भाचीला. अदलाबदल करू नये, नाहीतर दोघेही दोन्ही वाचतील.

तात्पर्याशिवाय पुस्तक सुचवू नये. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठीत आणली त्याला आता दोनशे वर्षे होत आली. एवढ्या काळात कोल्ह्याने काय केले यापेक्षा त्यावरून आपण काय शिकलो याकडेच आपले लक्ष जास्त राहिले आहे. ही परंपरा जपावी. मूल पुस्तक मिटून हसत असेल तर लगेच गाठावे आणि विचारावे, “यातून काय शिकलास?” हसू थांबते. मात्र विंदा करंदीकरांच्या बालकविता घरात असतील तर जपून. ‘एटू लोकांचा देश’मध्ये शिकण्यासारखे काहीच सापडत नाही; सगळे उफराटे आणि बेहद्द मजेचे आहे, आणि मूल तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून अख्खी कविता म्हणून दाखवील. विंदांना पुढे ज्ञानपीठ मिळाले आहे, त्यामुळे पुस्तक वाईट आहे असेही म्हणता येत नाही. अशा वेळी “लय चांगली आहे” म्हणून विषय बदलावा.

वयोगटाचा नियम सोपा आहे. मूल हुशार आहे हे सिद्ध करायचे असल्याने पुस्तक त्याच्या वयाच्या निदान सहा वर्षे पुढचे असावे. सातवीला ‘मृत्युंजय’, मुंजीला ‘ययाति’. खांडेकरांच्या कादंबरीत ययाति नेमके काय करतो हे मुंजीत कोणी विचारत नाही. परदेशात राहणाऱ्या नातवाला, ज्याला अजून जोडाक्षरे लागत नाहीत, सुटकेसमधून ‘श्रीमान योगी’ न्यावे. लोणच्याच्या बरण्यांपेक्षा जड भरते, तेव्हा विमानतळावर काय काढून ठेवायचे हे आधीच ठरवलेले बरे. आजोबांसाठी एक खास सूचना. अलिबाबा आणि सिंदबाद म्हणजे मुलांच्याच गोष्टी, अशा समजुतीने काही आजोबा ‘अरेबियन नाइट्स’ आणतात. आणलेला संच जर गौरी देशपांडे यांनी बर्टनवरून सोळा खंडांत केलेल्या अनुवादाचा असेल, तर पहिल्या काही पानांतच आजोबांचा चष्मा वर जातो आणि खंड माळ्यावर जातात. तिथपर्यंत पोचायला स्टूल कुठे आहे हे नातवाला ठाऊक असते. मनाई हा सुचवण्याचा सगळ्यात परिणामकारक प्रकार आहे आणि म्हणूनच या पुस्तिकेत तो वर्ज्य मानला आहे. नारायण धारप, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड, सुहास शिरवळकर: यातले काहीही कुणी मुलांना कधी सुचवले नाही. भूगोलाच्या पुस्तकात घालून पिढ्यांनी ते आपले आपण वाचले, आणि त्यांच्या मराठीला त्याने काही अपाय झाल्याचे दिसत नाही.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ हा वयोगटातला नाजूक मुद्दा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या मनात भरलेली शिरोडकर, एवढाच ऐवज; पण नववीतल्या मुलाची गोष्ट नववीतल्या मुलाने वाचू नये. दहावीच्या वर्षी तर नाहीच. अकरावी-बारावीत वेळ नसतो. नोकरी लागून दोन वर्षे झाल्यावर वाचावी, मग डोळे भरून येतात.

विज्ञानकथा सुचवायच्या त्या मार्क वाढवण्यासाठी. जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ किंवा ‘प्रेषित’ देताना “सायन्स पक्कं होईल” असे बजावावे. एवढा मोठा शास्त्रज्ञ १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत उतरला, आणि तेही परीक्षकांना नाव कळू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या खोट्या नावाने, हे सांगत बसू नये. मूल विचारील, मग बक्षीस मिळालं का? (मिळाले.) मग विचारील, कुठली गोष्ट होती ती? आणि तुम्हाला ‘कृष्णविवर’ शोधत कपाट उपसावे लागेल.

चित्रांच्या पुस्तकांविषयी फार लिहीत नाही. माधुरी पुरंदरे यांचे पुस्तक दुकानात हाती घ्यावे, पाने मोजावीत, किंमत पाहावी आणि “एवढ्याशा मजकुराला एवढे पैसे?” असे म्हणून खाली ठेवावे. त्यांच्या यशचा हात मोडतो, तो मामाच्या गावाला जातो. राक्षस नाही, राजा नाही, बक्षीसही नाही. चार वर्षांचे मूल तेच पुस्तक रोज रात्री वाचून दाखवायला लावते आणि एक ओळ गाळली तर पकडते. दिवसभर दमलेल्या माणसाने ही जोखीम का घ्यावी? त्याच पैशांत १०१ बोधकथा येतात, कडक पुठ्ठ्याच्या, ज्या कोणी दुसऱ्यांदा वाचून दाखवा म्हणत नाही.

बक्षीस समारंभासाठी पुस्तक निवडायचे तर प्रश्नच नाही. कलामांचे ‘अग्निपंख’. धावण्यात पहिला, ‘अग्निपंख’. रांगोळीत दुसरी, ‘अग्निपंख’. पूर्ण हजेरी, ‘अग्निपंख’. पुस्तक चांगलेच आहे, आणि एका घरात तीन प्रती झाल्या की टेबलाचा हलणारा पायही स्थिर होतो. जरा वेगळे काही हवे असेल तर वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आहे. विलास मनोहरांचे ‘नेगल’ मात्र देऊ नये. हेमलकशाच्या आमट्यांकडच्या बिबट्याबरोबर राहण्याच्या त्या हकिगती वाचून मूल घरी बिबट्या मागते. शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला काच असावी म्हणजे पाहुण्यांना पुस्तके दिसतात, आणि कुलूप असावे म्हणजे ती खराब होत नाहीत. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात मुलांची चौकस बुद्धी वाढते.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. फुकट गोष्टीला कागद गुंडाळून रिबन लावता येत नाही, तेव्हा ही माहिती सुचवणाऱ्याच्या कामाची नाही. पाचगणीजवळच्या भिलारला मात्र मुलांना जरूर न्यावे. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तके मांडलेली असतात, बसून हवे ते वाचता येते. पाटीपाशी फोटो, मग स्ट्रॉबेरी, मग गाडी. एखादे मूल कुणाच्या तरी ओट्यावर मांडी घालून वाचत बसले असेल तर त्याला दंडाला धरून उठवावे, कारण टेबललँड बघायचे राहिले आहे.

अनवधानाने घडणारे प्रमाद इथेच सांगून ठेवतो. स्वतः वाचताना एकट्याने मोठ्याने हसू नये, मूल येऊन “काय झालं?” म्हणते. पुस्तक उघडे, पालथे टाकून उठून जाऊ नये. फेलूदाची रहस्यकथा (अशोक जैनांनी सत्यजित राय यांच्या या कथा मराठीत आणल्या आहेत) वाचून दाखवताना खुनी सापडायच्या आत “उरलेलं उद्या” म्हणून दिवा मालवू नये; पांघरुणात विजेरी पेटते. दोन मुलांना एकमेकांशी पुस्तकांबद्दल बोलू देऊ नये. वर्गातली एक मुलगी बाकावरच्या मैत्रिणीला “हे घे, पण शुक्रवारी परत दे” एवढेच म्हणते, आणि तुमची सगळी मेहनत फुकट जाते.

पुस्तक दिल्यावर पाठपुरावा. रोज जेवताना “किती पानं झाली?” असे विचारावे. नव्या शब्दांची वही घालून द्यावी. मूल म्हणाले की कंटाळवाणे आहे, तर अर्धे सोडू न देता शेवटपर्यंत वाचायला लावावे, म्हणजे पुढचे पुस्तक मागण्याचा प्रश्न येत नाही.

एक अडचण क्वचित येते, पण तयारी असावी: मूल उलट तुम्हालाच पुस्तक सुचवते. तेरा वर्षांची भाची ‘वन पीस’चा पहिला खंड तुमच्या हातात ठेवील. तुम्ही ते उलटीकडून उघडाल. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. मालिका १९९७ पासून चालू आहे, शंभरावर खंड झाले आहेत, आणि ती म्हणेल, “मामा, पहिले काही थोडे स्लो आहेत, पण नंतर असलं भारी होतं ना!” घाबरू नये. मुलांनी आजवर तुम्हाला दिलेली उत्तरे जशीच्या तशी वापरावीत. सुट्टीत वाचतो. अक्षर बारीक आहे. ह्याच्यावर सिरीज आली आहे ना? त्यानेही भागले नाही आणि आठवड्याने तिने “कुठवर आलास?” असे विचारले, तर मैत्रीचे महत्त्व पटले म्हणून सांगावे. बहुतेक पुस्तकांना हे उत्तर चालते.