बाटलीचे पुराणिकबुवा

मेंडोसाला गेलात की हा गृहस्थ तुम्हाला भेटणारच. भेटला नाही तर तुमची ट्रिप फुकट गेली समजा. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी, अर्जेंटिनाच्या वाइनच्या या राजधानीत कुठल्याही मोठ्या बोदेगात, म्हणजे वाइनरीत, शिरा. वाइन चाखायच्या दालनात काउंटरपलीकडे तो उभा असतो. वय चाळिशी-पन्नाशीच्या मधलं, दाढी कोरलेली पण कोरलेली दिसू नये अशी. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, त्यावर पोंचो. बाहेर पारा पस्तिशीला टेकलेला असला तरी पोंचो असतोच. एसी लावलाय तो पाहुण्यांसाठी की पोंचोसाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आडनाव इटालियन. पणजोबा जिनोव्हाच्या बोटीतून उतरले, हे तो जेवायला बसल्यावर अभिमानानं सांगेल. काउंटरवर असताना मात्र 'आमचे पूर्वज' म्हणजे थेट वार्पे, या खोऱ्याचे मूळ रहिवासी. अर्जेंटिनात एक जुना विनोद आहे: मेक्सिकोची माणसं आझ्टेकांपासून झाली, पेरूची इंकांपासून आणि आम्ही बोटींपासून. हा विनोदही मला त्यानंच ऐकवला. अर्थात ड्युटी संपल्यावर.

त्याची नेमणूक झालेली असते ती 'मूळनिवासी संस्कृतीपासून प्रेरणा घेतलेल्या' वाइनची मालिका खपवण्यासाठी. मी त्याला मनातल्या मनात पुराणिकबुवा म्हणू लागलो, कारण पद्धत तीच. आधी आख्यान, मग तीर्थ, मग तबक फिरतं. या तबकात कार्ड टेकवायचं यंत्र असतं, एवढाच फरक.

आख्यान ठरलेलं. मालिकेत बहुधा चार बाटल्या. सगळ्यांत स्वस्त ती पृथ्वी. तिच्या वर वारा. त्याच्या वर अग्नी. आणि लाकडी पेटीत, गवतावर निजवलेली, जिच्याकडे बघतानासुद्धा बुवांचा आवाज खाली येतो, ती शामान, म्हणजे मांत्रिक. पावित्र्य वाढत जातं तसा आकडा वाढत जातो. ओकच्या पिंपात किती महिने ठेवली हे विचारलंत तर उत्तर मिळतं, पण थोडं नाराजीनं. देवळात समईच्या तेलाचा भाव विचारल्यासारखं त्यांना वाटत असावं.

मग पाचामामा, म्हणजे धरणीमाता, येते. उत्तरेकडे साल्ता, हुहुई भागांत खरोखरीची प्रथा आहे: १ ऑगस्टला जमिनीत खड्डा करून धरणीमातेला अन्न आणि पेय अर्पण करतात आणि एरवीही पिण्याआधी पहिला घोट तिला देतात. बुवा हा विधी पॉलिश केलेल्या काँक्रीटच्या फरशीवर करतात. दोन थेंब सांडतात, डोळे मिटतात, आणि मागे उभी असलेली मुलगी लगेच पोछा मारते. एक गोष्ट मी नीट पाहून ठेवली आहे. धरणीला ते नेहमी पहिल्या नंबरची बाटली देतात. तिच्या वाट्याला शामान आलेली मी पाहिली नाही.

भूगोलाच्या बाबतीत बुवा उदार. पाचामामा उत्तरेची. लेबलावरचं ढोलकं, म्हणजे कुलत्रुन, ते चिलीच्या आणि पॅटागोनियाच्या मापुचे लोकांचं. त्यांची माची, म्हणजे वैदू-पुजारीण, ते वाजवते आणि त्याच्या कातड्यावर चार दिशा रंगवलेल्या असतात. सूर्य इंकांचा. कोंडोर सगळ्यांचाच. यात मेंडोसाचे वार्पे कुठे, असं विचारलं तर बुवा दोन्ही हात पसरून म्हणतात, "आत्मा, सेन्योर, आत्मा!"

त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेजारच्या आग्रेलोत एका नामांकित घराण्यानं आपली वाइनरी चक्क माया संस्कृतीच्या पिरॅमिडच्या आकाराची बांधली आहे. माया लोक मध्य अमेरिकेतले, इथून हजारो किलोमीटरवरचे. पण इमारत देखणी आहे हे कबूल. डोंगर ओलांडून चिलीत गेलात तर आल्माव्हिवा नावाची महागडी वाइन आहे, १९९६ चा तिचा पहिला हंगाम. फ्रान्सचं रॉथ्सचाइल्ड घराणं आणि चिलीची कोंचा इ तोरो कंपनी यांची ही भागीदारी. नाव बोमार्शेच्या फ्रेंच नाटकातल्या स्पॅनिश सरदाराचं आणि लेबलावर मापुचेंचं कुलत्रुन. आणि अर्जेंटिनात सगळ्यांत जास्त ओळखीची बिअर कुठली? किल्मेस. किल्मेस हे वायव्येकडच्या काल्चाकी खोऱ्यातले लोक. स्पॅनिशांशी ते शंभर वर्षांहून जास्त लढले. १६६० च्या दशकात हरल्यावर त्यांना हजारावर किलोमीटर चालवत ब्यूनस आयरेसजवळ आणून वसवलं. त्या वस्तीला त्यांचं नाव पडलं, आणि १८८८ मध्ये तिथे निघालेल्या कारखान्याच्या बिअरला वस्तीचं. पुढे माणसं विस्मरणात गेली, बाटली घरोघरी पोचली. आमचे बुवा या परंपरेतले फक्त एक छोटे पाईक.

गंमत म्हणजे वाइन हीच मुळात पाहुणी. द्राक्षवेल या बाजूला आली ती सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. पाद्र्यांना प्रार्थनेच्या विधीसाठी वाइन लागे. त्याआधी इथे मक्याची चिचा प्यायचे, आल्गारोबाच्या शेंगांची आलोहा प्यायचे. आणि ज्या मालबेकवर मेंडोसाचं नाव जगभर झालं ती तर त्याहून नवी. मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञानं ती आणली. त्याच्या कृषिशाळेचा प्रस्ताव मेंडोसाच्या विधिमंडळापुढे आला १७ एप्रिल १८५३ ला. ती तारीख आता जागतिक मालबेक दिन म्हणून साजरी होते. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली त्याच्या आदल्याच दिवशी, १६ एप्रिलला! बुवा मालबेकचा उल्लेख 'या मातीची हजारो वर्षांची हाक' असा करतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ठाणे स्टेशन येतं.

आमच्या गटात पिंपळगाव बसवंतकडचे एक द्राक्षबागायतदार होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. तात्या वाइन पीत नव्हते. पेला नाकाशी नेऊन परत ठेवत होते. आख्यान चालू असताना ते खिडकीतून बागेकडे बघत होते. वेलींवर काळ्या जाळ्या पसरलेल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांची नजर खिळली होती. बुवा अग्नीवरून शामानवर आले तेव्हा तात्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"ते देवाधर्माचं राहू द्या. जाळी गारपिटीसाठी आहे का, विचारा. आन् पाण्याची पाळी किती दिवसांनी येते?"

मी विचारलं. बुवा थांबले. अडखळले. मग त्यांनी पहिल्यांदा पोंचो काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. आतला माणूस बारीक निघाला आणि एकदम दहा वर्षांनी तरुण.

पुढचा अर्धा तास मला दुभाष्याचंही फारसं काम उरलं नाही. गारा केवढ्या हे दोघांनी अंगठा-तर्जनी जुळवून एकमेकांना दाखवलं. एका दुपारच्या गारपिटीत वर्षाची कमाई कशी जाते, हे तर हातवाऱ्यांतच संपलं. बुवांच्या वडिलांची छोटीशी बाग निघाली. पाळी रात्रीची आली की बाप झोपेतून उठवायचा, फावडं खांद्यावर देऊन पाटाचं दार उघडायला पाठवायचा, आणि टोमेरो, म्हणजे आपला पाटकरी, कंदील घेऊन वेळ मोजत उभा असायचा. "आमच्याकडे पाटकऱ्याला चहा पाजावा लागतो," तात्या म्हणाले. बुवा म्हणाले, "आमच्याकडे वाइन."

मग ते आम्हाला बाहेर घेऊन गेले. फाटकासमोर, झाडांच्या रांगेखाली पाट वाहत होता. मेंडोसा शहरात प्रत्येक रस्त्याच्या कडेला असे पाट आहेत, आसेकिया म्हणतात त्यांना. पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास. सगळा खेळ अँडीजच्या वितळणाऱ्या बर्फाचा. आणि हे तंत्र वार्पेंचं. १५६१ मध्ये पेद्रो देल कास्तियोनं इथे शहर वसवलं तेव्हा कालवे आधीच होते. शहरातून वाहणाऱ्या मोठ्या कालव्याला आजही ग्वायमायेन या वार्पे सरदाराचं नाव आहे. १८८४ साली मेंडोसानं पाण्याचा कायदा केला आणि पाण्याचा हक्क जमिनीला जोडला. पाळ्या तेव्हापासून कायद्यानं चालतात.

एवढं सगळं बुवांना तोंडपाठ. काउंटरवर यातला एक शब्द नाही! रोज सकाळी कामावर येताना हा माणूस खऱ्या वार्पे वारशावरून उडी मारून आत जातो आणि आत जाऊन मापुचेंचं ढोलकं दाखवतो. मी तसं म्हटलं. त्यांनी खांदे उडवले. "कालवा विकला जात नाही, सेन्योर. शामान विकला जातो."

तात्या अजून पाटातच बघत होते. पाणी कुठल्या अंगाला वाहतंय ते त्यांनी पाहून घेतलं आणि कुठल्याही कालव्यावरचा शेतकरी विचारतो तेच विचारलं. "टेलला कोण आहे? त्याच्यापर्यंत पोचतं का?"

बुवांचं उत्तर एका शब्दाचं होतं. नाही.

टेलला, म्हणजे पाणी जिथे संपतं तिथे, ग्वानाकाचेची तळी होती. मेंडोसा आणि सान हुआन या दोन नद्यांचं पाणी तिथे जायचं. वार्पे लोक लव्हाळ्याच्या होड्यांतून त्यात मासेमारी करत. वर बागा वाढल्या, पाणी वरच संपू लागलं, आणि विसाव्या शतकात तळी सुकत गेली. वार्पे गेले नाहीत. लावाये तालुक्याच्या त्या कोरड्या भागात ते आजही राहतात, शेळ्या पाळतात. २००१ मध्ये प्रांतानं कायदा करून त्यांना आणि त्यांच्या जमिनीवरच्या हक्काला मान्यता दिली. म्हणजे ज्यांच्या नावानं आत तीर्थ वाटलं जात होतं, ते त्याच पाण्याच्या शेवटच्या टोकाला बसलेले होते, कोरडे.

बुवा आत गेले. पुढचा गट आला होता, ब्राझीलचा. पोंचो पुन्हा अंगावर चढला, आवाज खाली उतरला, दोन थेंब फरशीवर पडले, पोछा फिरला. मी मात्र त्यांना ढोंगी म्हणणार नाही. पगारासाठी ढोलकं वाजवणारा तो पाटावरचाच पोरगा आहे.

मेंडोसाला गेलात तर त्यांना जरूर भेटा. आख्यान शांतपणे ऐकून घ्या, मालबेक प्या, ती खरंच उत्तम असते. फक्त निघण्याआधी टेलला कोण आहे ते विचारा. बुवांना उत्तर येतं.